अंडी न घालणाऱ्याची अंडी मोजायची कशी? (दोन कोंबडे आणि एक मार्कर रिपोर्ट)

खुराडेकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे साठेक कोंबड्यांचा कळप आहे. विकत आणलेल्या संकरित लेयर नव्हेत. लेगहॉर्न आणि दोन-तीन जड जाती यांच्या सरमिसळीतून सहा वर्षं मीच पैदास करत आणलेल्या. प्रत्येकीच्या पायात क्रमांकाची कडी आहे आणि खोप्यांना पडतं दार आहे. कोंबडी आत गेली की दार पडतं, अंडं झालं की मी तिला सोडतो आणि वहीत टिपतो. त्यामुळे कुणी किती घातली, वजन काय भरलं, कवच कसं होतं, हे बऱ्यापैकी ठाऊक असतं. घरचे मला 'अंड्यांचा तलाठी' म्हणतात ते वेगळं.

घोडं पेंड खातं ते नरांपाशी. पुढच्या पिढीसाठी दोन राखलेत, १४ आणि १७. एकाच आईबापाचे, एकाच दिवशी अंड्यातून निघालेले सख्खे भाऊ. आई माझी सगळ्यात चांगली कोंबडी, पहिल्या वर्षात २४१ अंडी. जागा मात्र एकालाच आहे. म्हणून एका ठिकाणाहून दोघांच्या रक्ताची तपासणी करून घेतली. 'अंडी उत्पादनाचे तीन जनुकीय मार्कर' अशी. रिपोर्टात १४ 'उत्तम', १७ 'मध्यम'. तीनपैकी एक प्रोलॅक्टिन नावाच्या हॉर्मोनचा, एक ग्रोथ हॉर्मोनचा, तिसऱ्याला नुसता क्रमांक दिलाय.

मला स्वतःला १७ आवडतो. अंगानं भरलेला, शांत, कोंबड्यांना ओरबाडत नाही. पण डोळ्यांवर जावं की रिपोर्टवर? कोंबडा जन्मात एक अंडं घालणार नाही, मग त्याच्या रक्तात अंडी दिसतात तरी कशी?

नुसताच_वाचक

पडत्या दाराच्या खोप्याचं कौतुक वाटलं. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण बसून घेतो.

पिपेट

खुराडेकर, मी प्रयोगशाळेतली माणूस, कोंबड्या पाळलेल्या नाहीत. तरी मार्कर म्हणजे काय एवढं सांगू शकते.

तुम्ही रक्ताचा थेंब दिलात तेवढा पुरतो, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. माणसाच्या तांबड्या पेशींत ते नसतं, त्यामुळे आपला डीएनए पांढऱ्या पेशींतून काढावा लागतो. कोंबडीच्या एका थेंबात मात्र डीएनएचा नुसता गाळ असतो. आमच्याकडे नवीन मुलं माणसाच्या सवयीनं भरपूर रक्त घेतात आणि मग नळीत चिकट गोळा होऊन बसतो.

कोंबडीचा जनुकसंच म्हणजे साधारण १०० कोटी अक्षरं, माणसाच्या तिसरा हिस्सा. लाल रानकोंबडीचा पहिला मसुदा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांच्या ३९ जोड्या, त्यातल्या बऱ्याचशा अगदी चिमुकल्या. या १०० कोटींत लाखो जागा अशा आहेत, जिथे एका कोंबडीत एक अक्षर असतं आणि दुसरीत दुसरं. अशी प्रत्येक जागा मार्कर होऊ शकते. मार्कर ही खूण आहे, ते कारण असेलच असं नाही. विहिरीची जागा शोधताना जुनी माणसं उंबर बघायची. उंबर म्हणजे पाणी नव्हे, पण उंबराखाली पाणी लागायचा संभव जास्त. आणि जमीन बदलली की तोच उंबर फसवूही शकतो.

तुमच्या रिपोर्टातला प्रोलॅक्टिनचा मार्कर बहुधा त्या जनुकाच्या आधीच्या भागातला २४ अक्षरांचा तुकडा असावा. काही कोंबड्यांत तो तुकडा आहे, काहींत नाही. प्रोलॅक्टिन वाढलं की कोंबडी खुडूक बसते आणि अंडी थांबतात, म्हणून त्यावर पुष्कळ काम झालं. काही कळपांत तुकडा असलेल्या कोंबड्या जास्त घालताना दिसल्या, काहींत काही फरक दिसला नाही.

आता तुमच्या कळपाची गोम. तो तुकडा लेगहॉर्नमध्ये सर्रास सापडतो आणि खुडूक बसणाऱ्या जातींत कमी. तुमचा कळप मिश्र. मग ज्याच्याकडे तुकडा आहे त्याच्यात कदाचित लेगहॉर्नचं रक्त जास्त, एवढंच मार्कर सांगत असेल. लेगहॉर्नच्या अंगात जास्त अंडी घालायला लावणाऱ्या इतर शेकडो गोष्टी आहेत, त्यांचं श्रेय या एका तुकड्याला मिळून जातं.

शंकासुर

थोडक्यात, रिपोर्ट कचऱ्यात. हेच म्हणायला आलो होतो.

पिपेट

मी असं म्हटलेलं नाही.

तुरेवाला

शंकासुरराव, घाई नको. खुराडेकर, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो, मग मार्करचे गुण आणि अवगुण दोन्ही ध्यानात येतील. यात प्रयोगशाळा नाही, नुसता तुरा आहे.

निळं अंडं घालणारी अरौकाना जात ऐकली असेल. अंड्याचा निळा रंग एकाच जनुकाचा खेळ आहे आणि तो प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरे. पनेटनं हे १९३३ मध्ये दाखवलं. शाळेत तो चौकटींचा तक्ता काढायचो ना, तोच हा पनेट. मात्र पैदास करणाऱ्याची अडचण तुमच्यासारखीच. कोंबडा अंडं घालत नाही, मग त्याच्या अंगात निळा आहे का हे कळायचं कसं?

तर १९३०च्या दशकाअखेरीस लक्षात आलं की निळ्या अंड्याचा जनुक आणि वाटाणा-तुरा यांचा जनुक एकाच गुणसूत्रावर, अगदी शेजारी बसलेत. वाटाणा-तुरा म्हणजे तीन बुटक्या ओळींचा, डोक्याला चिकटलेला. शेजारी असल्यानं दोघं पिढ्यान्‌पिढ्या बरोबर जातात. मग लोकांनी सरळ तुरा बघून कोंबडे निवडायला सुरुवात केली! पिल्लू चार दिवसांचं असताना डोक्यावर बोट फिरवायचं, वाटाणा लागला की ठेवायचं. माझ्या आयुष्यात मी वापरलेला पहिला मार्कर हाच, आणि त्याला मार्कर म्हणतात हे मला वीस वर्षांनी कळलं.

आता अवगुण. शंभरात तीन ते पाच पिल्लांत ही जोडी तुटते. गुणसूत्रांची अदलाबदल होताना कात्री नेमकी दोघांच्या मधून जाते आणि तुरा इकडे, निळा तिकडे. एकदा तुटली की त्या वंशात तुटलेलीच राहते. क्रीम लेगबार बघा, साधा उभा तुरा आणि अंडं निळं. उलट ब्रह्मा बघा, तुरा वाटाणा आणि अंडं तपकिरी. ब्रह्माच्या कळपात तुरा बघून निळं शोधणारा जन्मभर शोधत बसेल.

तेव्हा खुराडेकर, रिपोर्ट देणाऱ्याला एकच विचारा. हा मार्कर कुठल्या कळपात तपासला होता? तुमच्यात तो अरौकानासारखा वागतो की ब्रह्मासारखा?

कवचकुंडल

तुरेवाले काका, झकास. त्यात थोडी भर घालते.

निळ्याचं खरं कारण २०१३ मध्ये सापडलं आणि ते चक्क एका विषाणूचं आहे. फार पूर्वी एक रेट्रोव्हायरस कोंबडीच्या डीएनएमध्ये शिरून पहिल्या गुणसूत्रावर एका जनुकाच्या अलीकडे कायमचा वस्तीला राहिला. त्यामुळे तो शेजारचा जनुक कवच बनवणाऱ्या ग्रंथीत जागा झाला आणि कवचात बिलिव्हर्डिन हे निळं-हिरवं रंगद्रव्य उतरायला लागलं. गंमत म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या जातींत हा शिरकाव वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या नेमक्या जागी झालाय.

म्हणून आता तुऱ्याची गरज नाही. त्या विषाणूचीच चाचणी करता येते. कोंबड्याच्या अंगात त्याच्या शून्य, एक की दोन प्रती आहेत ते दिवसात कळतं. दोन असतील तर सगळ्या मुली निळी अंडी घालणार. ही चाचणी मी स्वतः करून घेतलीय आणि ती चुकत नाही, कारण खूण आणि कारण इथे एकच आहे.

अवांतर: निळं अंडं फोडून कवचाची आतली बाजू बघा, आतही निळंच असतं. तपकिरी मात्र वरवरचं. ते प्रोटोपॉर्फिरिन शेवटच्या काही तासांत वरून चढतं, ओलं असताना घासलं तर निघतंही. निळ्यावर तपकिरी चढलं की हिरवट अंडं. आणि तपकिरीची छटा एका जनुकाची नाही, त्यात बऱ्याच जनुकांची खिचडी आहे.

खुराडेकर

बाप रे, एवढे प्रतिसाद! तुरेवाले काका, तुमचा प्रश्न फोन करून विचारला. "संशोधनात सिद्ध झालेले मार्कर आहेत" एवढंच उत्तर आलं. कुठला कळप, किती कोंबड्या, काही नाही.

म्हणजे निळ्या रंगासाठी चाचणी पक्की आणि अंड्यांच्या संख्येसाठी डळमळीत, असं का? दोन्ही जनुकांचंच काम ना?

आणि जाता जाता, बलक गडद केशरी यावा म्हणून काही मार्कर असतो का?

कवचकुंडल

बलकाच्या रंगासाठी खाद्य बघा, मार्कर नको. मका, झेंडूच्या पाकळ्या, हिरवा चारा यांतली कॅरोटिनॉइड्स बलकात उतरतात. कोंबडी ती स्वतः तयार करू शकत नाही. उत्तम जनुकांच्या कोंबडीला पांढरा तांदूळच घातलात तर बलक फिकाच येणार.

आकडेमोड

दादा, तुमच्या 'असं का'चं उत्तर लांब आहे, पण तुमचा खरा प्रश्नही त्यातच सुटतो, म्हणून नेटानं वाचा.

निळा रंग एका जनुकाचा. अंड्यांची संख्या मात्र कशाकशावर अवलंबून असते ते मोजा. तलंग किती आठवड्यांची असताना अंड्यावर येते, दोन अंड्यांत २४ तासांचं अंतर पडतं की २६ चं, खुडूक बसते का, उजेड कमी झाला की कशी वागते, हाडांतलं कॅल्शियम किती पुरतं, भूक किती. यातल्या प्रत्येकामागे डझनावारी जनुकं आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. तुमच्या तीन मार्करपैकी एखादा खराच असला तरी तो हजारो चिमटींतली एक चिमूट पकडणार.

त्यातही अशा चिमटींचे छापून आलेले आकडे फुगलेले असतात. समजा कुणी १०० कोंबड्यांत ४० मार्कर तपासले. काहीही संबंध नसला तरी नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर त्यातले दोनेक 'सिद्ध' होणारच. जे नशिबानं वर आले तेच छापले जातात आणि दुसऱ्या कळपात गेले की बसतात.

दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. अंड्याचं वजन बऱ्यापैकी आनुवंशिक आहे. कोंबड्या-कोंबड्यांत जो फरक दिसतो त्याचा निम्म्याच्या आसपास भाग जनुकांचा धरतात. संख्येत तो एक दशांश ते तीन दशांश. आपण ०.२ धरू. म्हणजे तुमच्या कोंबडीनं घातलेली २४१ अंडी हे तिच्या जनुकांचं प्रमाणपत्र नव्हे. खाद्य, ऋतू, जागा, नशीब यांचाही त्यात मोठा हात आहे. तिच्या नोंदीचा आणि तिच्या खऱ्या आनुवंशिक किमतीचा संबंध येतो ०.२ चं वर्गमूळ, ०.४५ (१ म्हणजे पक्का संबंध).

आता १४ आणि १७. आईची वही आणि बहिणींची वही यांवरून अंदाज काढला तर दोघांनाही तंतोतंत एकच गुण मिळतात, कारण आई तीच, बहिणी त्याच. पण प्रत्यक्षात ते सारखे नसतात. आईच्या दोन प्रतींतली कुठली मिळाली, बापाच्या दोनांतली कुठली, याची चिठ्ठी प्रत्येकासाठी नव्यानं निघते. कळपात जेवढा जनुकीय फरक असतो त्याचा निम्मा सख्ख्या भावंडांतच दडलेला असतो. तुमची वही कितीही चोख ठेवा, या निम्म्या फरकाबद्दल नरांच्या बाबतीत ती मुकी आहे.

मार्करचा खरा उपयोग इथे आहे. २००१ मध्ये म्यूविसन, हेज आणि गॉडार्ड या तीन संशोधकांनी मांडलं की एकेक मोठा जनुक शोधायचा नाद सोडा. सगळ्या जनुकसंचावर दाट मार्कर पेरा, हजारो कोंबड्यांची अंडी मोजा आणि प्रत्येक मार्करला जो काही बारीक वाटा मिळेल तो द्या. मग अंडं न घातलेल्या कोंबड्याचे मार्कर वाचून सगळ्या चिमटींची बेरीज करा. भावाला कुठल्या चिठ्ठ्या मिळाल्या ते वाचता येतं. तेव्हा ही नुसती कागदावरची कल्पना होती. कोंबडीसाठी ६० हजार मार्करची चिप (एवढे मार्कर एकदम वाचणारी पट्टी) आली, पुढे २०१३ मध्ये ६ लाखांची, आणि मोठ्या पैदास कंपन्यांनी ती रोजच्या कामात घेतली. बहिणींनी वर्षभर अंडी घालेपर्यंत थांबायची गरज संपली. कोंबडा वयात आला की निवड करता येते, त्यामुळे पिढ्याही लवकर फिरतात.

आता तुमच्या रिपोर्टकडे या. तीन मार्कर, आणि तेही कुठल्या कळपात तोललेले ते माहीत नाही.

शंकासुर

म्हणजे शेवटी कचऱ्यातच ना! वर हे मोठ्या कंपन्यांचं हत्यार. साठ कोंबड्यांच्या माणसाला काय उपयोग? आमच्या आजीनं चिप न लावता चांगल्या कोंबड्या केल्या. जी जास्त घालते तिची अंडी रवणीला ठेवायची, झालं.

आकडेमोड

आजीची पद्धत चुकीची नव्हतीच, हळू होती. आणि आजी कोंबडा कसा निवडायची?

शंकासुर

जो जास्त मोठ्यानं आरवायचा तो.

(खरंच. हसू नका.)

पिपेट

हसतेय :)

पण शंकासुर, तुमचा मुद्दा एका जागी बरोबर आहे. चिप म्हणजे वहीला पर्याय, असा समज पसरलाय. उलट चिपमुळे वहीची किंमत वाढली. मार्करना वाटे द्यायचे तर कुणीतरी हजारो कोंबड्यांची अंडी मोजलेली लागतात. अंडं दाबून किती जोराला कवच फुटतं ते बघायचं, हलक्या ठोक्यानं आवाज ऐकून न फोडता ताकद काढायची, फोडून घट्ट पांढऱ्याची उंची मोजायची. ते शेवटचं माप म्हणजे हॉ युनिट, १९३७ पासून चालत आलेलं. आणि तीही काही पिढ्यांनी परत मोजायची, कारण तुरेवाले काका म्हणाले तशा जोड्या तुटत राहतात. एका वाणात शिकलेले वाटे दुसऱ्या वाणात बहुतेक उतरत नाहीत.

रानकोंबडा

उशिरा आलो. मार्करनं जमलेलं एक काम कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

काही तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांना मोहरीवर्गातल्या रेपसीडची पेंड घातली की अंड्याला वशट, मासळीसारखा वास यायचा. सगळ्या नाही, काहींच्याच अंड्यांना. पेंडीतून आतड्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं, एरवी यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा वास मारून टाकतं. या कोंबड्यांत त्या विकराच्या जनुकात एका अक्षराची चूक होती. २००५ मध्ये ती सापडली. दोन्ही प्रती चुकीच्या असल्या की वायू थेट बलकात.

आता बघा, वहीनं हे काम कसं झालं असतं? सगळ्यांना ती पेंड घालायची, अंडी फोडून हुंगायची, आणि नरांचं पुन्हा कोडं तसंच. शिवाय एकच चुकीची प्रत असलेली कोंबडी वास देत नाही पण चूक पुढे नेते. मार्करनं मात्र अशी लपलेली कोंबडी-कोंबडे नेमके हेरता येतात. पैदास कंपन्यांनी चाचणी लावून ती प्रत आपल्या शुद्ध वाणांतून काढून टाकायला घेतली. एका जनुकाची गोष्ट असली की मार्करसारखं साधन नाही.

खुराडेकर, तुमच्या जड जातींत तपकिरी अंड्यांची आहे का कुठली? असेल तर तीन मार्करांपेक्षा हा एक तपासलात तर पैसा कारणी लागेल.

खुराडेकर

आहे ना! आणि मागे एका कोंबडीच्या अंड्याला वास येत होता, मी खोपा अस्वच्छ असेल म्हणून गवत बदलत बसलो. क्रमांक वहीत असणार, शोधतो.

कवचकुंडल

अजून एक, नुसत्या संख्येच्या मागे लागू नका. संख्या वाढवली की अंड्याचं वजन घसरायला बघतं, ही दोन एकमेकांना उलट्या दिशेनं ओढतात. आणि अंडं मोठं झालं तरी कवचाचा माल तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. म्हाताऱ्या कोंबडीचं अंडं मोठं आणि पातळ का, तर हेच. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. रात्री खाद्य पोटात नसताना त्यातलं बरंचसं हाडांतून निघतं. नुसती संख्या बघून निवड करणारा नकळत हाडं पोखरणारी कोंबडी निवडू शकतो. छातीचं हाड मोडलेल्या कोंबड्या हा लेयरमधला आज मोठा प्रश्न आहे आणि हाडांची ताकदही आनुवंशिक आहे, म्हणून तीही आता निवडीत धरतात.

आकडेमोड

+१. आणि स्वभाव. विल्यम म्यूर यांचा १९९६ चा प्रयोग आठवतो. एकेकटीची अंडी बघून निवडलं तर कधी कधी दुसरीला टोचून, खाणं हिसकावून पुढे गेलेलीच निवडली जाते. त्यांनी एका पिंजऱ्यातल्या सगळ्या बहिणींची मिळून बेरीज बघितली आणि कुटुंबच्या कुटुंब निवडलं. काही पिढ्यांत टोचाटोचीनं होणारं मरण झपाट्यानं खाली आलं आणि पिंजऱ्यातली अंडी वाढली. दादा, तुमचा १७ शांत आहे म्हणालात, ते अगदीच फुकट समजू नका.

खुराडेकर

मंडळी, आठवडाभर विचार केला. रिपोर्ट फाडला नाही, पण त्यावर जायचं नाही हे नक्की. जागेचं बघून दोन्ही कोंबडे एक वर्ष ठेवतो. २४ कोंबड्या चिठ्ठ्या टाकून दोन भागांत, प्रत्येकाकडे बारा. मुलींची अंडी मोजली की कळेलच. आकडेमोड ताई, किती मुली पुरतील?

आकडेमोड

त्याच ०.२ नं हिशेब केला तर दहा मुलींवर खात्री (१ म्हणजे पूर्ण) ०.५९, वीसवर ०.७२, तीसवर ०.७८. पुढे वाढ मंदावते. वीस धरा, मर वगैरे सोडून. दोघांच्या मुली एकाच दिवशी उबवा आणि एकाच खुराड्यात मिसळून वाढवा, नाहीतर तुम्ही कोंबडा न तोलता खुराडं तोलत बसाल. ओळखीसाठी एक दिवसाचं पिल्लू असतानाच पायाच्या बोटांमधल्या पडद्याला बारीक भोक, १४ च्या पिल्लांना डावीकडे, १७ च्यांना उजवीकडे.

एक मात्र. बारा कोंबड्यांच्या मिळून वीस मुली, म्हणजे एकीच्या पोरी दहा-पंधरा व्हायला देऊ नका. नाहीतर त्या आईचं श्रेय बापाला जाईल.

तुरेवाला

आणि हे विसरू नका, मुलीला बापाकडून तिचं एकुलतं एक झेड गुणसूत्र मिळतं. कोंबडीत मादी झेड-डब्ल्यू. आईकडचं डब्ल्यू. म्हणून झेडवर जे काही असेल ते मुलीत उतरलेलं सगळं बापाचंच. कोंबडा अंडी घालत नाही म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो.

खुराडेकर

सुरुवात केली आणि सुरुवातीलाच माशी शिंकली. काल दुपारी १७ नं जाळीचं दार उचकटलं आणि संध्याकाळपर्यंत १४ च्या कोंबड्यांत मुक्काम. शांत म्हणून कौतुक केलं होतं! परवापासून उबवणीची अंडी गोळा करायची होती. आता?

कवचकुंडल

अरेरे. कोंबडी एकदाच्या मिलनाचं वीर्य आत नळ्यांमध्ये साठवते, दोन-तीन आठवडे अंडी फलित होत राहतात. १४ च्या कोंबड्यांची अंडी तीन आठवडे उबवायला धरू नका. १७ च्या बारांचीही नको, एकाच दिवशी उबवायचीत ना.

शंकासुर

किंवा घाई असेल तर अंडी उबवा आणि पिल्लांचा बाप मार्करनं शोधा. बघा, मी पण सुधारलो.

पिपेट

शाब्बास, आणि अगदी बरोबर. बाप ओळखणं हे मार्करचं सगळ्यात खात्रीचं काम, तिथे अंड्यांच्या संख्येसारखी चिमटींची भानगड नाही. पिल्लाच्या अंगात जे अक्षर आईत नाही ते बापात असलंच पाहिजे. फक्त इथे संशयित दोघे सख्खे भाऊ आहेत, त्यांचं निम्मं तसंही सारखंच. परक्या दोन कोंबड्यांत जेवढे मार्कर पुरतात त्यापेक्षा बरेच जास्त लागतील. आणि प्रत्येक पिल्लाचा थेंब वेगळा. खर्चाचं बघा.

खुराडेकर

खर्च बघितला. तीन आठवडे थांबतो. दाराला खिट्टी मारली. बाहेरून.

वहीत सापडलं, वासाचं अंडं घालणारी क्रमांक ३१. १४ आणि १७ या दोघांची ती सख्खी मावशी. रानकोंबडा, तुम्ही म्हणता त्या चाचणीला दोघांचं रक्त उद्या पाठवतोय.